पटाशीच्या मानेवरची चिमणी

या, जरा पुढे सरकून बसा. लांबूनही ऐकू येईल, पण ही गोष्ट नखाच्या टोकावर मावणारी आहे, ती जवळून ऐकलेली बरी. एका पटाशीची गोष्ट सांगायची आहे. पटाशी म्हणजे सुताराच्या पेटीतलं ते लांबट पोलादी पातं, ज्याच्या मुठीवर ठोकून तो लाकडात खाच पाडतो. तर या पटाशीच्या मानेवर, पातं मुठीत शिरतं त्याच्या जरा खाली, एक चिमणी होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, चोच वर केलेली. ती चिमणी तिथे कोणी उमटवली, एवढाच प्रश्न होता. उत्तर तीन माणसांना ठाऊक झालं, आणि त्या तिघांतल्या एकाच्याच हातात लेखणी होती.

त्या लेखणीवाल्याला सगळे भिंगकाका म्हणत. संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, उत्तरेकडे खिडकी असलेली खोली त्यांची. भिंतीभर खण, आणि खणाखणांत जुनी हत्यारं: रंधे, करवती, गिरमिटं, हातोड्या. टेबलावर हिरवं बनातीचं कापड. काकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. एखादं हत्यार आलं की काका आधी ते नुसतंच हातात धरून बसायचे, जणू पाहुण्याला पाणी देऊन दम खाऊ देताहेत. मग रॉकेलच्या बोळ्यानं गंज पुसायचे. मग भिंग. आणि सगळ्यात शेवटी उजव्या अंगठ्याचं नख, मुद्दाम वाढवलेलं.

"देव कोणाला गळा देतो, कोणाला डोळे देतो. आमच्या ह्यांना नख दिलंय," काकू म्हणायच्या. "समोरची मिठाची बरणी सापडत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी कोणत्या लोहाराला शिंक आली ते सांगतील."

आणि खरंच सांगायचे. त्या नखानं काकांना नाव मिळवून दिलं होतं. जुन्या हत्यारावर एकाहून जास्त खुणा असतात. एक करणाऱ्याची, एक विकणाऱ्याची, आणि ज्यांनी ज्यांनी ते वापरलं त्यांच्या. मग त्यातली करणाऱ्याची कोणती? काकांनी त्यावर एक कसोटी बसवली होती. लोहार आपला ठसा लोखंड लाल असताना मारतो, म्हणून त्याच्या कडा निजलेल्या असतात, नख वरून घसरून जातं. विकत घेणारा आपली खूण घरी आणून मारतो, थंड लोखंडावर. तिथे धातूला जागा मिळत नाही, तो कडेला उभा राहतो, आणि नख अडकतं. नख घसरलं तर कारागीर, नख अडकलं तर मालक. साधी गोष्ट, पण त्यांच्या आधी कोणाला सुचली नव्हती. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि तेवीस वर्षं जुनी हत्यारं जमवणारा प्रत्येक माणूस ते पुस्तक उशाशी घेऊन झोपत होता. आता दुसरी आवृत्ती छापखान्यात गेली होती. पानं छापून झाली होती, बांधणी तेवढी बाकी होती. महिनाभरात प्रकाशन, आणि त्याच समारंभात काकांचा सत्कार.

अशात एका सोमवारी सकाळी एक बाई आली. पन्नाशीची असेल. हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, कारण ती एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायची. तिनं कापडी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि हिरव्या कापडावर ठेवला.

"काका, तुमच्या पुस्तकात पान एकशे चौदा," ती म्हणाली. "चिमणी."

काकांना पुस्तक उघडायची गरज नव्हती. "मालकाची खूण. कोणी मोठा ठेकेदार असावा. कामगारांची हत्यारं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मारलेली. नाव अज्ञात. का बरं?"

"तो ठेकेदार माझे वडील."

"अरे वा! म्हणजे नाव कळलं. कशाचे ठेके घ्यायचे?"

बाई हसली. "काका, आमच्या घरात खुर्ची एकच होती, आणि तिचाही एक पाय विटेवर. ठेके कसले घेतात! लोहार आहेत ते. आहेत म्हणजे अजून आहेत, अंथरुणाला खिळलेत. त्या पटाश्या त्यांनी केल्यात. सगळ्याच्या सगळ्या. सुतार त्यांना चिमणीवाला म्हणायचे."

काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, असं पुष्कळांना वाटतं. घरातलं माणूस असलं की वाटणारच. पण त्या पटाशीवर कारागिराची खूण वेगळी आहे. पात्यावर दोन किल्ल्या आहेत, बघा. गरम ठसा. दोन किल्ल्यांची पेढी त्या काळी मोठी होती."

"पेढी मोठी होतीच. पण तिथे बिडीशिवाय काही पेटलं नाही कधी. पेढी विकायची. किल्ल्यांचा शिक्का त्यांनी वडिलांकडे देऊन ठेवला होता. पोलाद लाल असताना वडीलच मारायचे तो. तशी अटच होती."

"आणि चिमणी? तीही तेव्हाच का नाही मारली?"

"तेच सांगायला आलेय," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं.

आत सात पटाश्या होत्या, बिनमुठीच्या, आणि बोटाएवढा एक पोलादी शिक्का. शिक्क्याच्या टोकावर उलटी चिमणी.

"वडील पटाशी घडवायचे, धारेला पाणी द्यायचे, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून ती कडक करायचे, धार लावायचे. मग कठीण लाकडाच्या गाठीत सात घाव घालायचे, आणि त्याच धारेनं डाव्या मनगटावरचे केस काढून बघायचे. केस निघाले तर चिमणी. नाही निघाले तर नाही. आधी कशी मारणार? पटाशी चांगली निघेल हे आधी कसं कळणार? आमच्याकडे धुलाईघरातसुद्धा चादर फाटकी नाही हे बघून मगच छाप मारतात, काका. धारेकडचं पोलाद कडक, त्यावर शिक्का बसत नाही. मान मऊ ठेवलेली असते, म्हणून चिमणी मानेवर. या सात नापास झालेल्या. पेढीनं परत पाठवल्या नाहीत हो, वडिलांनीच दिल्या नाहीत."

काकांनी पहिली पटाशी उचलली. पात्यावर दोन किल्ल्या. नख घसरून गेलं. मान कोरी. धारेपाशी भिंग नेलं, तर केसासारखी बारीक चीर. दुसरी उचलली. किल्ल्या आहेत, मान कोरी, धार एका कोपऱ्यात दुमडलेली. तिसरी. चौथी. सातही पटाश्यांवर किल्ल्या होत्या, एकीवरही चिमणी नव्हती, आणि सातही पटाश्यांत खोट होती. मग काकांनी खणातली, संग्रहालयाची पटाशी काढली. चिमणीवर नख ठेवलं. अडकलं.

तेवीस वर्षं ते नख बरोबर सांगत होतं, आणि काका चूक ऐकत होते. ठसा थंडच होता. पण तो थंड होता कारण तो मारणाऱ्याला हत्याराची खात्री होईपर्यंत आपलं नाव लावायची लाज वाटत होती.

माणसानं तेव्हाच तोंडानं म्हणून टाकावं, की बाई, माझं चुकलं. त्या क्षणी ते शब्द जिभेवर असतात. क्षण गेला की ते घशात उतरतात, आणि मग त्यांना वर आणायला देवच लागतो.

"तपासावं लागेल," काका म्हणाले. "पंधरा दिवसांनी या."

"पंधरा दिवस आहेत का, ते त्यांना विचारून सांगते," ती म्हणाली. मग स्वतःच वरमली. "रागावू नका. त्यांना दुसरं काही नको. मुलगा नाही, भट्टी मोडली, हत्यारं जगभर गेली. मरायच्या आधी चिमणी कारागिरांच्या यादीत बसलेली ऐकायचीय, एवढंच." डबा तपासायला ठेवून ती निघाली, शिक्का तेवढा परत नेला; वडिलांना तो उशाशी लागायचा.

त्याच दुपारी काका छापखान्यात गेले. छापखानेवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला. "पानं आता बदलता यायची नाहीत. पण शुद्धिपत्र घालू की! एक चिठ्ठी, एकशे चौदा पानाला चिकटवायची. चार ओळी द्या, अर्ध्या तासाचं काम."

चार ओळी! काका घरी येऊन लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, 'चिमणी ही खूण कारागिराची आहे.' मग वाचणारा विचारणार, थंड ठसा असून? म्हणजे पुढे लिहावं लागणार की थंड ठसा कारागिराचाही असू शकतो. म्हणजे कसोटी गेली. कसोटी गेली तर पुस्तकातले बाकीचे बेचाळीस अज्ञात मालकही उठून उभे राहणार, आणि विचारणार, आमचं काय? काकांनी कागद फाडला. दुसऱ्यांदा लिहिलं, 'काहींच्या मते.' तेही फाडलं. शुक्रवारपर्यंत केराच्या टोपलीत कागदच कागद झाले.

काकूंनी टोपली ओतताना एक कागद उलगडून बघितला. "चांगलं आहे की. द्या ना छापायला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"हत्यारातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं. लग्नात अंगठी हरवली तेव्हाही तीन दिवस शोधत होतात, आणि होती तुमच्याच खिशात. ती सापडल्यावरही चौथ्या दिवशी सांगितलंत."

"सांगितलं ना शेवटी?"

"हो. तोवर माझ्या भावावर आळ येऊन गेला होता."

काकूंनी पुढे ताणलं नाही. टोपली रिकामी करून जागेवर ठेवली.

नवव्या दिवशी बाई परत आली, न बोलावता. दारातच म्हणाली, "काका, त्यांचं काही खरं नाही आता. मी त्यांना सांगून टाकलं की पुस्तकात आलं म्हणून. ते विचारतात, कोणत्या पानावर, काय शब्द आहेत. मला काय सांगता येणार? तुम्ही या ना. दिसत नाही त्यांना, नुसतं वाचून दाखवा. पुस्तकात चूक निघाली की शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवतात म्हणे, ते झालं असेल ना?"

"छापायला गेलंय," काका म्हणाले.

ते छापायला गेलं नव्हतं. ते कुठेच गेलं नव्हतं.

एकाच खोलीचं घर. खिडकीखाली खाट, खाटेवर एक लांब, सुकलेला माणूस. कोपऱ्यात ऐरण, तिच्यावर पाण्याची कळशी ठेवलेली. बाईनं वाकून सांगितलं, "आबा, पुस्तकवाले काका आलेत."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. काकांनी तो धरला. हात अजून रुंद होता.

"साहेब, इतक्या लांब आलात! पोरी, खुर्ची दे त्यांना. वीट नीट बघ पायाखाली."

"राहू द्या, राहू द्या."

"हे बघा साहेब," म्हाताऱ्यानं डावं मनगट वर केलं. "साठ वर्षं इथे केस टिकू दिला नाही. आता उगवलेत म्हणे. पोरगी सांगते, पांढरे आहेत. कामच नाही ना त्यांना भ्यायला." तो हसला, हसता हसता खोकला. "वाचा. पेढीवाले काय म्हणतील याची भीती नका बाळगू, ते कधीच वर गेले. तिकडेही किल्ल्याच हलवत बसले असतील."

काकांनी पुस्तक उघडलं. पान एकशे चौदा. डोळ्यांसमोर छापलेलं होतं, 'मालकाची खूण, नाव अज्ञात.' आणि तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"चिमणी. ही खूण कारागिराची. हा लोहार धारेला पाणी देऊन, सात घाव घालून, धार स्वतःच्या अंगावर पारखून मगच आपला ठसा मारत असे. म्हणून त्याचा ठसा थंड आहे. नापास हत्यारावर त्यानं तो कधीही मारला नाही. या चिमणीची पटाशी ज्याला मिळेल, त्यानं ती निर्धास्त वापरावी."

तेवीस वर्षांत काकांनी इतकं सरळ वाक्य लिहिलं नव्हतं. आठवडाभर जे कागदावर येईना, ते त्या खाटेपाशी एका दमात आलं. का? कारण तिथे ते छापावं लागणार नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "निर्धास्त वापरावी, असं लिहिलंय?"

"हो."

"मग झालं." त्यानं उशीखाली चाचपलं आणि चिमणीचा शिक्का काढून काकांच्या तळहातावर ठेवला. "हा तुमच्याकडे असू द्या. पुस्तकात चिमणी आहे, मग ती इथे उशीखाली कशाला? संग्रहालयात ठेवा. कोणाला शंका आली तर ठशाशी जुळवून बघता येईल."

दाराशी बाई पदरानं डोळे पुसत होती. काका शिक्का मुठीत घेऊन निघाले. वाटेत छापखाना लागला. दार उघडं होतं. छापखानेवाल्यानं आतून हात केला, "काका, चार ओळी?" काकांनी हात हलवला. त्यानं तो 'नको' असा वाचला. तसाच होता तो.

म्हातारा चौथ्या दिवशी गेला, आणि समाधानात गेला. महिन्यानं समारंभ झाला, काकांचा सत्कार झाला. वक्त्यांनी कसोटीची वाहवा केली. संग्रहालयात नवी वस्तू आली की नोंदवहीत चढवावी लागते, तशी शिक्क्याचीही नोंद करायची होती. काकांनी लेखणी घेतली. नोंद पुस्तकाशी जुळायला हवी होती, नाहीतर कोणीतरी विचारलं असतं. त्यांनी लिहिलं, 'मालकाचा शिक्का. चिमणी. मालक अज्ञात.' अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. त्या नोंदीवरून कोणीतरी पाटी रंगवली, आणि शिक्का वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत गेला.

पावणेदोन महिन्यांनी बाई सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात आली. धुलाईघरातल्या तीन मैत्रिणींना घेऊन आली होती, वडिलांची चिमणी दाखवायला. तिघी नटूनथटून आल्या होत्या. पेटीपाशी त्यांच्यातलीच एक मोठ्यानं वाचू लागली, कारण तिला वाचायची हौस.

"मालकाचा शिक्का... मालक अज्ञात." ती थांबली. "अगं, तुझे वडील मालक होते? आम्हाला तर लोहार म्हणून सांगितलंस!"

"मोठ्या घरची निघाली बाई आपली!" दुसरी म्हणाली, आणि तिघी हसल्या. वाईट मनानं हसल्या नाहीत. बाईही त्यांच्याबरोबर थोडं हसली. मग म्हणाली, "तुम्ही बघा, मी आलेच," आणि जिना उतरून मागच्या खोलीत आली.

काका भिंग लावून बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

"त्या दिवशी छान वाचलंत तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी घरी येऊन आठवून आठवून लिहून ठेवलंय. पुस्तकात शोधलं, चिठ्ठी बिठ्ठी काही दिसली नाही. म्हटलं, आपल्याला जुनी प्रत मिळाली असेल."

"बाई, पुढच्या आवृत्तीत..."

"पहिलीनंतर दुसरी यायला तेवीस वर्षं लागली, काका."

काकांनी भिंग कापडावर ठेवलं.

"मीही खोटं बोलले होते आबांशी," ती म्हणाली. "पण माझं खोटं आठवडाभराचं होतं. पुढे ते खरं होणार होतं, म्हणून बोलले. तुम्ही ते कायमचं करून टाकलंत. त्यांचा हात धरून." मग जरा थांबून, "शिक्का द्या माझा."

"तो नोंदवहीत चढलाय. आता इथून कोणालाच नेता येत नाही. मलाही नाही."

"बरोबर. मालक अज्ञात आहे ना. द्यायचा तरी कोणाला!"

ती वळली. दाराशी जाऊन पुन्हा मागे आली, बिस्किटांचा डबा अजून खणाच्या कडेला तसाच पडला होता तो उचलला, सातही पटाश्या मोजून घेतल्या, झाकण लावलं आणि गेली. नापास पटाश्या तेवढ्या तिच्या राहिल्या. त्यांच्यावर चिमणी नव्हती, म्हणून त्यांच्यावर कोणी 'मालक अज्ञात' लिहू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना काकूंना दिसलं, की काकांच्या अंगठ्याचं नख मुळापासून कापलेलं आहे. त्यांनी मिठाची बरणी उचलून काकांच्या हातात दिली.

काका पुढे पाच वर्षं होते. तिसरी आवृत्ती निघाली नाही. पुस्तक आजही चालतं, पान एकशे चौदा आजही तेच सांगतं, आणि ती पाटी आजही काचेमागे आहे. काकांचा निवाडा करायला वरचा समर्थ आहे. त्याच्या दयेला माप नाही, ती काकांनाही पुरो.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. कधी एखाद्या सुताराच्या जुन्या पेटीत, भंगाराच्या ढिगात, कोणाच्या माळ्यावर तुम्हाला पटाशी सापडेल. तिच्या मानेवर चोच वर केलेली चिमणी असेल. तिच्यावरून नख फिरवा. अडकेल. तेव्हा पुस्तक उघडू नका. डाव्या मनगटावर साठ वर्षं केस न टिकू दिलेला, एका खुर्चीच्या घरातला तो लोहार, चिमणीवाला, त्याची तेवढी आठवण काढा.